ओमाहातल्या सुरुवातीच्या हातांची क्रमवारी: आधार की अडसर?

तळपान

ओमाहा, म्हणजे चार पानांचं पोकर, शिकायला बसलेल्याच्या हाती आधी काय पडतं, तर ‘सर्वोत्तम 30 हात’ असा तक्ता. हा तक्ता नवख्याचं भलं करण्यापेक्षा नुकसानच जास्त करतो, असं माझं ठाम मत आहे. तक्त्यांच्या बाजूचे या चर्चेत बरेच जण आहेत, म्हणून कारणं नीट मांडतो.

होल्डेममध्ये, म्हणजे पोकरच्या नेहमीच्या प्रकारात, हाती दोन पानं. रंगांची निव्वळ अदलाबदल सोडली तर 169 प्रकारचे हात होतात. तेवढे एका चौकोनात मावतात आणि पाठही होतात. ओमाहात चार पानं वाटली की 2,70,725 हात शक्य होतात, आणि अदलाबदल वगळूनही 16,432 उरतात. बहुतेक तक्त्यांत सगळ्यात वर असतो तो एक्का-एक्का-राजा-राजा, दोन रंगांत जुळलेला, म्हणजे दोन-दोन पानं एकेका रंगाची. असे हात एकूण 6 आहेत, म्हणजे सरासरी 45 हजार वाटपांत एकदा दर्शन. तक्त्याचा माथा घोकून रोजच्या खेळात काय हाती लागणार? आपल्यासमोर येतात ते मधले हजारो हात, आणि त्यांच्याबद्दल तक्ता गप्प असतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. क्रमांक कळला तरी हाताचं बळ कुठून येतं ते कळत नाही. समजा फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, नव्वी, अठ्ठी, दुर्री आली, तिन्ही वेगळ्या रंगांची. एका डावात तुमच्याकडे राणी-गुलाम-दश्शी आणि एक बिनकामाचं पान आहे. दुसऱ्या डावात त्याच फ्लॉपवर सत्ती-छक्की-पंजी आणि तसंच एक बिनकामाचं पान. दोन्हीकडे स्ट्रेट (सलग पाच पानं) पुरी करणारी पानं 13च. पहिल्या डावात राणी, गुलाम, दश्शी, सत्ती यांपैकी काहीही आलं तरी टर्नवर (चौथ्या उघड्या पानावर) तुमचीच स्ट्रेट सर्वांत मोठी, म्हणजे 13 पैकी 13 नट. दुसऱ्या डावात दश्शी आली तर राणी-गुलामवाला पुढे, सत्ती आली तर गुलाम-दश्शीवाला पुढे, छक्की आली तर दश्शी-सत्तीवाला पुढे. नट देणाऱ्या फक्त 3 पंज्या. बाकी 10 पानांवर आपण जिंकतोय असं वाटत असतानाच सगळा स्टॅक (समोरचे सगळे पैसे) जाऊ शकतो.

हे ज्याला उमगलं त्याला तक्त्याची गरज उरत नाही. ज्याला उमगलं नाही तो तक्त्यातला हात उचलून फ्लॉपवर फसतो. माझा आग्रह इतकाच की शिकवताना हातांचे प्रकार शिकवा, क्रमांक नकोत.

किलवरदश्शी

फ्लॉपचं उदाहरण उत्तम, निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

तक्ता कोणी पाठ करावा म्हणून नसतो. नवख्याची नजर होल्डेमने बिघडलेली असते, ती ताळ्यावर आणायला तो लागतो. तीन राजे आणि एक दुर्री मिळाली की होल्डेमवाल्याचे डोळे चमकतात. ओमाहात हातातली नेमकी दोनच पानं वापरता येतात, म्हणजे तिसरा राजा अडगळ, शिवाय सेट (एकाच नावाची तीन पानं) लावू शकणारा आपलाच एक राजा आपण अडवून बसलेलो. चार दुर्र्यांचा हात तर सगळ्यात खाली धरला जातो. हे शंभर वाक्यांत समजावण्यापेक्षा यादीत कुठे बसतं ते दाखवा, लगेच डोक्यात शिरतं.

रंगांचंही तेच. चारही पानं बदामाची आली की नवखा हरखतो. त्याच्या फ्लशसाठी (एकाच रंगाची पाच पानं) कॅटात 9 बदाम उरलेत. दोनच बदाम असते तर 11 उरले असते. तीन किंवा चार पानं एकाच रंगाची असलेले हात मिळून साधारण 17.5 टक्के होतात, आणि दोन रंगांत दोन-दोन जुळलेले जेमतेम 13.5 टक्के. पहिली गोष्ट भाग्याची वाटते, खरं मोल दुसरीला आहे. यादी हा भ्रम एका नजरेत मोडते.

आणि ‘प्रकार शिकवा’ म्हणजे तरी काय? जोडी आणि तिच्या सोबतीला कामाची पानं, सलग चार, वरची चार, एक्का आणि त्याच्या रंगाचं पान... यातला कुठला प्रकार कुठल्यापेक्षा बरा हे सांगायला लागलात की क्रमवारीच सुरू झाली.

बदामराणी

दोघांनाही एक प्रश्न: यादी नेमकी कशावरून केलेली? एका यादृच्छिक हातासमोर टक्केवारी काढली तर उंच जोड्या वर चढतात, सोबतची पानं कशीही असोत. तेच गणित पाच प्रतिस्पर्ध्यांसमोर केलं की त्या खाली येतात आणि सलग, दोन रंगांत जुळलेले हात वर येतात. कारण पाच जण फ्लॉप बघत असतील तर नुसती जोडी क्वचितच टिकते. दोन्ही याद्यांची बेरीज-वजाबाकी बिनचूक असते, तरी क्रम वेगळा येतो. त्यामुळे यादी देणाऱ्याने किती जणांसमोरचा हिशोब आहे हे वर लिहायलाच हवं, आणि बहुतेक जण लिहीत नाहीत. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

मंकरसॉल्व्हरसारखी डाव सोडवणारी संगणकीय साधनं वापरणाऱ्यांना हे माहीत आहे. तिथे तीच चार पानं कुठल्या जागेवरून, किती खोल स्टॅकने खेळायची यावर उत्तर बदलतं. म्हणजे एक क्रमवारी नसून अनेक आहेत.

सत्तीवाला

स्टॅकचा मुद्दा निघालाच आहे तर आकडे मांडतो, कारण एक्क्यांच्या जोडीवरून होणारे सगळे वाद इथेच मिटतात.

खेळ पॉट लिमिट, म्हणजे रेझ (वाढ) जास्तीत जास्त पॉटइतकी, मध्ये जमलेल्या पैशांइतकी. ब्लाइंड (पानं वाटण्याआधी घालायच्या सक्तीच्या रकमा) 1 आणि 2, प्रत्येकाकडे 200. मध्ये कोणी कॉल (तेवढीच रक्कम घालून बरोबरी) केला नाही असं धरा. पहिला पूर्ण रेझ 7 चा, त्यावर जास्तीत जास्त 24, त्यावर 75. म्हणजे एक्के घेऊन तुम्ही फ्लॉपच्या आधीच स्टॅकचा एक तृतीयांशाहून मोठा भाग आत घातला. समोरच्याने 75 कॉल केले की पॉट 153 आणि दोघांकडे 125. आता फ्लॉप काहीही येवो, उरलेलं सहज आत जातं. एक्के इथे थाटात चालतात.

आता स्टॅक 600 करा. तेच तीन रेझ, तोच 153 चा पॉट, पण मागे 525 उरलेत. तुमच्याकडे एक्के आहेत हे तुमच्या रेझनेच जाहीर केलंय, आणि फ्लॉपवर तिसरा एक्का येण्याची शक्यता 12 टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या 88 टक्क्यांत तुम्ही पानं उघडी ठेवून खेळताय, तो झाकून.

होल्डेममध्ये एक्के विरुद्ध राजे साधारण 82-18. ओमाहात एक्के विरुद्ध दोन रंगांतली गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठी 60-40 च्या आसपास, आणि एक्क्यांची सोबत कच्ची असली तर अंतर आणखी कमी. एवढ्या फरकावर सगळे पैसे आधी आत गेले तर एक्के छान, नाही गेले तर तो फरक पुढच्या तीन फेऱ्यांत विरघळतो. तुमच्या यादीत हे कुठे लिहिणार?

किलवरदश्शी

तळटीप देऊन लिहीन. ‘100 मोठे ब्लाइंड, सहा जण’ असं वर छापलं की झालं. अट सांगितली म्हणजे क्रम खोटा ठरत नाही.

अर्धापॉट

तुम्ही सगळे फक्त हाय ओमाहाबद्दल बोलताय. हाय-लोमध्ये अर्धा पॉट सर्वांत लहान हाताला जातो, आणि तिथे मी क्रमवारीच्या बाजूने आहे. कारण तिथे चांगल्या हाताची व्याख्याच पक्की आहे: दोन्ही बाजू जिंकू शकणारा. दोन रंगांतला एक्का-एक्का-दुर्री-तिर्री सगळ्यात वर यावर फारसा वाद नाही. एडवर्ड हचिसन यांची गुणपद्धत याच कारणाने टिकली. लो-च्या पानांना, जोड्यांना, जुळलेल्या रंगांना वेगवेगळे गुण द्यायचे आणि बेरीज ठरावीक आकड्याच्या खाली राहिली तर हात टाकायचा. नवखा माणूस टेबलावर बसल्या बसल्या मनात करू शकतो.

त्यातही एक सावधगिरी सांगतो. एक्का-दुर्रीला गुण भरपूर, म्हणून लोक बाकीची दोन पानं बघतच नाहीत. तिघांनी 100-100 घातले, पॉट 300. लो-चे 150 दोन एक्का-दुर्रीवाल्यांत वाटले गेले, प्रत्येकी 75. लो जिंकूनही 25 गेले. शिवाय बोर्डावर (टेबलावरच्या उघड्या पानांत) दुर्री आली की तुमची दुर्री निकामी; हातात तिर्रीसुद्धा असेल तरच वाचता. म्हणून एक्का-दुर्री-तिर्री आणि नुसती एक्का-दुर्री यांत मोठं अंतर ठेवायला हवं.

तळपान

अर्धापॉट, हाय-लोबद्दल तुमचं म्हणणं पटतं. गुणपद्धत मला तक्त्यापेक्षा कितीतरी बरी वाटते, कारण ती कारण दाखवते: हे गुण रंगाचे, हे जोडीचे. बेरीज करताना माणूस हात वाचायला शिकतो. मी विरोध करतोय तो नुसत्या क्रमांकाला.

किलवरदश्शी, तळटीप पुरेल असं मला वाटत नाही. हातातल्या चार पानांतून दोन-दोनच्या 6 जोड्या निघतात. प्रत्येक नव्या हातावर त्या 6 मोजायला लावा: किती जोड्या एकमेकींना मदत करतात, कुठलं पान लोंबकळतंय. राजा-राजा-सत्ती-दुर्री, चारही रंग वेगळे, यात कामाची जोडी एकच. राजा-राणी-गुलाम-दश्शीत सहाच्या सहा बोलतात. ही सवय लागली की 16,432 पैकी कुठलाही हात आला तरी विद्यार्थ्याला काहीतरी सांगता येतं.

किलवरदश्शी

मग एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. एक्का-एक्का-सत्ती-दुर्री चार रंगांत, आणि गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठी दोन रंगांत. विद्यार्थी विचारतोय, यातला चांगला कुठला? सहा जोड्या मोजून तो दुसरा म्हणेल.

तळपान

त्याला मी आधी विचारीन की स्टॅक किती आणि समोर किती जण. 20 मोठे ब्लाइंड आणि एकच प्रतिस्पर्धी असेल तर एक्के, विचारही करू नको. 300 मोठे ब्लाइंड, आधीच चौघे आत आणि बोलायची पाळी सगळ्यात शेवटी असेल तर मला गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठी हवी.

बदामराणी

आणि या दोन टोकांच्या मध्ये, 100 मोठे ब्लाइंड, दोघे आत? बहुतेक डाव तिथेच होतात. माझं मत एक्क्यांकडे झुकतं, पण फक्त रेझ करून एकालाच समोर ठेवता आलं तर. सत्तीवाल्यांनी 75 पर्यंतचा हिशोब दिलाय, त्यात वाटेतले दोन कॉल धरून तो पुन्हा मांडला तर इथे नेमकं बोलता येईल.

सत्तीवाला

मांडतो. दोघांनी आधी 2-2 घातले असतील तर शेवटी बोलणाऱ्याचा पहिला पूर्ण रेझच 11 चा होतो. ब्लाइंडवाले गेले आणि त्या दोघांनीही कॉल केला तर पॉट 36, मागे 189, आणि तुम्ही एक्के घेऊन दोघांसमोर. या जागी मी एक्का-एक्का-सत्ती-दुर्री नुसती कॉल करून स्वस्तात फ्लॉप बघतो, आणि गुलाम-दश्शी-नव्वी-अठ्ठीने रेझ करतो.

किलवरदश्शी

मी दोन्हींनी रेझ करतो. दोघांपैकी एक जण जरी 11 ला घाबरून गेला तरी एक्क्यांचं काम झालं.