तंत्रज्ञान कंपन्यांच्या शेअरचे चढे भाव: नफ्याचा आधार कितपत?

साशंक
'या कंपन्या खरा नफा कमावतात, त्यामुळे २००० सालच्या इंटरनेट शेअरच्या फुग्याशी तुलना गैरलागू आहे', हा युक्तिवाद सतत वाचनात येतो. चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाची विक्री जानेवारी २०२३ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात सुमारे २७ अब्ज डॉलर होती आणि पुढच्या दोन वर्षांत ती १३० अब्जांवर गेली, हे मलाही मान्य आहे. परंतु नफा खरा आहे म्हणून त्यासाठी मोजलेला कोणताही भाव रास्त ठरतो का?

ताळेबंद
ठरत नाही. भावात किती वाढ गृहीत धरली आहे, हे उलटे गणित मांडून पाहावे. ४० पीईला, म्हणजे प्रतिशेअर वार्षिक नफ्याच्या ४० पट भावाला, घेतलेल्या शेअरची मिळकत दरसाल १५ टक्क्यांनी वाढली, तर १० वर्षांत ती चौपट होते. मात्र तोवर वाढ मंदावून पीई २० वर आला, तर भाव दुप्पटच होतो, म्हणजे परतावा दरसाल जेमतेम ७ टक्के. वाढ ८ टक्केच झाली, तर भाव जवळपास होता तिथेच राहतो. (लाभांश यात धरलेला नाही; अशा कंपन्यांत तो बहुधा नगण्यच असतो.)

शिवाय २००० साली सगळ्याच कंपन्या तोट्यात होत्या, हा गैरसमज आहे. नेटवर्कची उपकरणे बनवणारी सिस्को उत्तम नफ्यात होती आणि तिचा पीई शंभराच्या वर होता. पुढे तिची विक्री सुमारे १९ अब्ज डॉलरवरून ५० अब्जांच्या आसपास पोहोचली. तरीही मार्च २००० च्या उच्चांकाला शेअर घेतलेल्याचे २० वर्षांनंतरही मुद्दल सुटले नव्हते.

दीर्घपल्ला
हे उदाहरण सोयीचे निवडलेले वाटते. १९९९ च्या अखेरीस ॲमेझॉनला नफाच नव्हता, त्यामुळे पीई काढण्याचा प्रश्नच नव्हता. २००१ पर्यंत भाव ९० टक्क्यांहून अधिक कोसळला, आणि तरीही ज्याने शेअर धरून ठेवला त्याला पुढे कित्येक पटींनी मिळाले. त्यातच संशोधनाचा बहुतांश खर्च त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होतो, कारखान्याचा मात्र अनेक वर्षांवर विभागला जातो. म्हणून सॉफ्टवेअर कंपनीचा नफा प्रत्यक्षात असतो त्याहून कागदावर कमी दिसतो.

घसारा
पूर्वी तसे होते. आता याच कंपन्या यंत्रसामग्रीवर प्रचंड भांडवल ओतत आहेत आणि चित्र उलटले आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणि गूगलची मालक कंपनी अल्फाबेटने २०२३ मध्ये सर्व्हरचे हिशेबी आयुष्य (किंमत जितक्या वर्षांवर विभागून खर्चात दाखवतात तो काळ) ४ वर्षांवरून ६ वर्षे केले. १२ अब्ज डॉलरचे सर्व्हर घेतले असतील, तर वार्षिक घसारा, म्हणजे दरवर्षी खर्चात धरलेला किमतीचा भाग, ३ अब्जांवरून २ अब्जांवर येतो, म्हणजे एक डॉलरही जास्त न येता नफा १ अब्जाने फुगतो. याउलट ॲमेझॉनने २०२५ मध्ये काही सर्व्हरचे आयुष्य ६ वरून ५ वर्षांवर आणले आणि कारण दिले ते तंत्रज्ञानाच्या वाढत्या वेगाचे.

साशंक
मग पीई बाजूला ठेवून मुक्त रोख प्रवाहच, म्हणजे व्यवसायातून आलेल्या रोख रकमेतून भांडवली खर्च वजा जाता जे उरते तेच, पाहावा का?

ताळेबंद
पाहावा, कारण त्यात सर्व्हरवरील खर्च त्याच वर्षी वजा होतो. मात्र कर्मचाऱ्यांना शेअरच्या रूपाने दिलेला मोबदला त्यात वजा झालेला नसतो. तो स्वतः वजा करावा लागतो, आणि काही कंपन्यांत ती रक्कम किरकोळ नसते.