पाइप फुटून भिंत भिजली, बुरशी धरू नये म्हणून काय करू? (मदत हवी आहे)

वरच्या मजल्यावरचा पाइप फुटून आमच्या बेडरूममध्ये पाणी साचलं. ते उपसून फरशी पुसून घेतली, पंखे अखंड चालू आहेत. फरशी वाळलीय, पण भिंतीचा खालचा पट्टा अजून गडद आहे, हाताला गार लागतो आणि खोलीत कुबट वास सुटलाय. काळे ठिपके कुठे दिसत नाहीत. आईला दमा आहे, म्हणून बुरशी धरायच्या आतच जे करायचं ते करायचंय.

भिंतीला चिकटलेलं प्लायवूडचं कपाट काढावंच लागेल का? भिजलेली गादी उन्हात घालून वापरता येईल? रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफ रंग मारून टाकू. मला ते पटत नाहीये. ब्लीचबद्दलही उलटसुलट ऐकतेय. आणि भिंत आतून वाळली हे ओळखायचं कसं?

प्रतिसाद
कपाट आजच हलवा, बाकीचं नंतर. ओलं लाकूड, कापड, कागद यांवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते आणि कपाटामागे हवा खेळतच नाही.

गादी आतपर्यंत भिजली असेल तर टाकून द्या. वरून वाळते, आत ओल राहते. आईंना दमा असताना गादीचा मोह नको.

रंगाबाबत तुमचंच बरोबर. ओल कोंडली की रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात. सुटलेली पुट्टी खरवडा आणि भिंत उघडी ठेवा. प्लास्टरमधून पाणी वर चढतं, त्यामुळे डागाच्या वरही मॉइश्चर मीटर (भिंतीतली ओल मोजणारं उपकरण) लावून बघा. दुसऱ्या खोलीतल्या तशाच कोरड्या भिंतीइतका आकडा आला की वाळली समजा.

बाहेर हवा दमट असेल तर खिडक्या बंद ठेवून डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) लावा. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांखाली हवी, ५० च्या आत आली तर उत्तम.

ब्लीच टाइल्सवर ठीक, प्लास्टर-लाकडात ते खोल मुरत नाही. अमोनिया किंवा ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नका, विषारी वायू होतो. ठिपके दिसलेच तर त्यावर पंख्याचा झोत नको, बीजाणू घरभर उडतात. साफ करताना एन-९५ मास्क लावा आणि आईंना त्या खोलीत येऊ देऊ नका.

धागाकर्ती
मनापासून आभार. कपाट ओढलं. मागची प्लाय खालून फुगलीय, थर सुटलेत. आईला दुसऱ्या खोलीत हलवलंय. नुसती पाठ बदलून भागेल, की बाजूच्या फळ्याही काढू?

प्रतिसाद
पाठ काढाच. फळ्या खालच्या कडेला दाबून बघा. मऊ लागल्या किंवा फुगल्या असतील तर त्याही काढा. टणक असतील तर भिंतीपासून लांब, उभ्या ठेवून वाळवा.