'वर्षं काढली' की 'वर्षं भोगली'? तुरुंगातल्या दिवसांना नेमकं क्रियापद कोणतं

एक विचारायचं होतं. माझ्या मामांच्या वह्या मी सध्या टाइप करून देतोय. मामा सोळा वर्षं आत होते. का होते ते त्यांनी पहिल्या वहीत एका पानात उरकलंय, बाकी साडेचार वह्या नुसत्या आतल्या दिवसांवर आहेत. तर झालं असं की मावशीला वाचायला दिलं, ती मराठी शिकवायची, आणि तिने जिथे जिथे 'मी तिथे सोळा वर्षं काढली' असं होतं तिथे लाल पेनाने 'सोळा वर्षे शिक्षा भोगली' करून ठेवलं. मामांनी बसून ते सगळं खोडलं आणि परत 'काढली' लिहिलं, एका पानावर तर कागद फाटेपर्यंत खोडलंय. विचारलं तर म्हणाले, भोगायला मी काय दुसऱ्याने वाढलेल्या ताटावर बसलो होतो का. मला यातलं निम्मंच कळलं.

तर प्रश्न असा, की 'काढणे' वापरलं तर शिक्षेचं गांभीर्य कमी होतं का? मावशीचं म्हणणं की सुट्टी काढतात, सहल काढतात, तुरुंग काढत नाहीत.

—

तुरुंग काढत नाहीत पण दिवस काढतात की. "फार वाईट दिवस काढले हो त्यांनी" यात कुठे हलकेपणा आहे? उलट 'काढणे'मध्ये कष्ट आहेतच, विहिरीतून पाणी काढतात, पायातला काटा काढतात, कर्ज काढतात. आपोआप होणाऱ्या गोष्टीला आपण काढणे म्हणत नाही.

'भोगणे'ची गंमत वेगळीच आहे. मूळ धातू एकच पण उपभोग पण त्यातलाच आणि भोग वाट्याला येणं पण त्यातलंच. जमिनीच्या कागदावरचा भोगवटादार पण तिथलाच. म्हणजे जे समोर आलं ते घेणारा. 'शिक्षा भोगणे' हा जोडशब्दासारखा कोर्टाच्या भाषेत पक्का बसलाय, तिथे दुसरं काही चालणार नाही. मामांच्या वहीत मात्र 'काढली'च राहू द्या, त्यांचं ते ताटाचं वाक्य मला तरी पूर्ण कळलं.

—

दिवस या शब्दाला मराठीत कुठलं क्रियापद लागलं की काय होतं बघा. दिवस जातात तेव्हा बाई गरोदर असते, दिवस भरतात तेव्हा एकतर बाळंतपण जवळ आलेलं असतं नाहीतर कुणाचा तरी घडा भरलेला असतो, दिवस करतात ते मेलेल्या माणसाचे, दिवस फिरले म्हणजे वाईट झालं आणि दिवस पालटले म्हणजे बहुतेक वेळा बरं झालं. दिवस मोजणे, दिवस ढकलणे आणि दिवस काढणे हे तिन्ही त्यामानाने एका घरातले वाटतात पण एक नाहीत. मोजणाऱ्याचं लक्ष शेवटाकडे असतं, ढकलणाऱ्याचं कशाकडेच नसतं. काढणाऱ्याचं हातातल्या दिवसाकडे असतं असं मला वाटतं. चूक असेल तर सांगा.

मामांना विचारा ना त्यांनी यातलं काय काय केलं.

—

थोडं विषयांतर, पण मुळात 'शिक्षा' हा शब्दच बघा. धातू शिक्ष्, म्हणजे शिकणे, आणि व्याकरणात तो शक् चं इच्छार्थक रूप मानतात, म्हणजे अगदी मुळात 'जमावं अशी इच्छा धरणे'. सहा वेदांगांत एकाचं नाव शिक्षा आहे, ते उच्चारशास्त्र. हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षण, दंडाला ते सजा म्हणतात. आपण मराठीत शिकण्याला शिक्षण केलं आणि शिक्षा छडीला देऊन टाकली. पण कधीकधी दोन्ही अर्थ परत एका खोलीत येतात. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय घेतला, अठरा रविवार अठरा अध्याय, आणि कैदी म्हणून तिथेच असलेल्या साने गुरुजींनी ती प्रवचनं उतरवून घेतली. त्या रविवारी बसलेले लोक मराठी शिक्षा भोगत होते की हिंदी शिक्षा घेत होते, ठरवा तुम्हीच.

आणि 'तुरुंग' तर पोर्तुगीज आहे! त्रोंको म्हणजे झाडाचा बुंधा, त्यावरून कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा, त्यावरून कैदखाना. तोच शब्द मलायमध्ये गेला, आणि दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकान्स भाषेत 'ट्रोंक' झाला, अर्थ तुरुंगच. नेल्सन मंडेला २७ वर्षं कैदेत होते, त्यातली १८ रॉबेन बेटावर, आणि तिथे ते पहारेकऱ्यांची भाषा म्हणून आफ्रिकान्स शिकले. म्हणजे ते शिकताना आपल्या 'तुरुंग'चा सख्खा भाऊ त्यांच्या वहीत आला असणारच. मला हे कळलं त्या दिवशी मी जेवताना पण सगळ्यांना सांगत सुटलो होतो, घरचे कंटाळले.

—

सोळा वर्षं म्हणजे जन्मठेप होती का? कारण इथे पुढे कोणीतरी "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं" लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. जन्मठेप म्हणजे जन्मभर, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच हे स्पष्ट केलंय. चौदाचा आकडा आला तो १९७८ साली तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत घातलेल्या ४३३-अ कलमातून, २०२४ पासून तीच तरतूद नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली तर सरकारी माफी मिळूनसुद्धा चौदा वर्षांच्या आत सोडता येत नाही, इतकंच त्यात आहे. चौदानंतर सोडलंच पाहिजे असं कुठेही नाही. आणि काळं पाणी ही शिक्षा कायद्यातून गेली ती १९५५ च्या दुरुस्तीने, तिच्या जागी जन्मठेप आली.

शब्दापुरतं बोलायचं तर 'ठेप'मध्ये मला 'येऊन ठेपणे' ऐकू येतं. जन्म जिथे ठेपतो तिथपर्यंत. बाकी 'काढली' की 'भोगली' यात मी पडत नाही.

—

सगळ्यांचे आभार. हे सगळं मामांना काल वाचून दाखवलं, आफ्रिकेचं दोनदा वाचायला लावलं. मग बोलले ते जमेल तसं लिहून घेतलं, तसंच देतोय.

"पहिलं वर्ष मोजलं. भिंतीवर रेघा वगैरे नाही मारल्या, ते बाहेरच्यांचं डोक्यातलं चित्र. पण डोक्यात मोजायचो, सकाळी मोजणी व्हायची तेव्हा ते आम्हाला मोजायचे आणि मी दिवस मोजायचो. सोळातला एक दिवस वजा केला तर काही फरक पडत नाही हे कळायला आठेक महिने लागले. मग ढकलणं सुरू झालं, ते किती वर्षं चाललं आठवत नाही, आठवत नाही म्हणजेच ढकललं. मग कधीतरी बराकीतल्या एका म्हाताऱ्याला पत्र वाचून दाखवायला लागलो. त्याला वाचता येत नव्हतं, सुनेचं पत्र, तेच तेच परत वाचायला लावायचा, सतराव्यांदा वाचताना मला कळलं की सुनेने एक वाक्य अर्धंच सोडलंय आणि तो तेच ऐकायला थांबतो. तिथून मी त्याला अक्षरं शिकवायला घेतली. त्याला दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष मी काढलं. जसं पीक काढतात तसं काढलं. मावशीला सांग भोगलं ते आधीचं, ते हवं तर भोगलं लिही."

मग मी म्हटलं मामा हे छान आहे, याला आपण 'मी सुधारलो' असं प्रकरणाचं नाव देऊ. त्यावर असे भडकले की विचारू नका. तुरुंग खात्याच्या नावात सुधारसेवा आहे ठीक आहे, पण सुधारतं ते बिघडलेलं मशीन म्हणे. त्यांना 'मुरलो' हवंय. मला ते पटत नाहीये.

—

'मुरलो' नको हो! मुरलेला राजकारणी, मुरलेला जुगारी. आणि पाणी मुरतंय म्हटलं की लोक संशयानेच बघतात. तुरुंगातून आलेला माणूस 'मी मुरलो' म्हणाला तर वाचणारा सराईत असाच अर्थ घेणार. 'निवळलो' कसं वाटतं? गढूळ पाणी कुणी न ढवळता ठेवलं तर निवळतं.

—

न ढवळता? तुम्ही बराकीत राहिला नाहीत कधी.

मी राहिलोय, तीन वर्षं, म्हणून लिहितोय, नाहीतर इथे नुसता वाचक आहे. मी पूर्ण वेळ कच्चा कैदी होतो, म्हणजे खटला चालू आणि निकाल नाही. शेवटी निर्दोष सुटलो. आता मला सांगा, मला शिक्षा झालीच नाही तर मी तीन वर्षं भोगलं काय? 'शिक्षा भोगली' म्हणू शकत नाही, कागदावर शिक्षाच नाही. 'तुरुंगवास झाला' म्हणावं तर समोरचा लगेच विचारतो कितीची झाली होती. आपल्या तुरुंगांत निम्म्याहून कितीतरी जास्त लोक कच्चेच आहेत आणि त्यांच्या वर्षांना भाषेत क्रियापद नाही. मी 'गेली' म्हणतो. तीन वर्षं गेली. जशी वस्तू चोरीला जाते तशी.

आणि राग नका मानू, पण आत राहून माणूस घडतो, वाढतो, हे बाहेरच्यांना ऐकायला फार आवडतं. आत 'वाढ' म्हणजे शिक्षेत वाढ. तुमच्या मामांना तो म्हातारा भेटला. माझ्या शेजारचा माणूस तीन वर्षं रात्रभर दात खायचा. मला त्यातून मिळालं म्हणाल तर एवढंच की आता मी कितीही आवाजात झोपतो, अंधारात मात्र झोप येत नाही, कारण तिथे रात्री दिवा बंद होत नाही.

वही पूर्ण झाली की वाचायला आवडेल. मामांना नमस्कार सांगा.

—

वरचा प्रतिसाद मामांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'गेली' बरोबर आहे, माझ्यातलीही किती गेली ते मी लिहिलं नाही. तिसऱ्या वहीत त्यांनी तीन ठिकाणी 'काढली' खोडून 'गेली' केलंय, यावेळी हळू, कागद फाटला नाही. त्यांच्या खोलीतला दिवा रात्री कोण चालू ठेवतं यावरून आमच्या घरी दोन वर्षं भांडणं झाली होती, तेही आत्ता कळलं.

'मुरलो' आणि 'निवळलो' दोन्ही बाद. प्रकरणाला नाव 'म्हाताऱ्याचं पत्र'.

आता अजून एक शब्द अडलाय तेवढा सांगा. मूळ अरबी मुलाकात म्हणजे भेट, हिंदीत तेच राहिलं, मराठीत मुलाखत म्हणजे नोकरीची किंवा पेपरातली. पण तुरुंगात आजही मुलाखत म्हणजे नातेवाईक भेटायला येणं. मामा सुटून चार महिने झाले होते, एका ठिकाणी कामासाठी अर्ज दिला होता, तिथून फोन आला की उद्या अकराला तुमची मुलाखत आहे. मामांनी रात्री शर्ट धुतला, सकाळी दाढी केली आणि साडेनऊपासून पुढच्या खोलीत खुर्ची दाराकडे करून बसले. साडेअकराला आई म्हणाली अरे तू गेला नाहीस? तर म्हणाले, मी कुठे जाऊ, कोण येणार आहे ते तरी कळू दे.

वहीत हे लिहिताना दोन्हीकडे 'मुलाखत'च ठेवू की एकीकडे 'भेट' करू? 'भेट' केलं तर वाचणाऱ्याला कळेल, पण मग ते खुर्ची घेऊन का बसले ते कळणार नाही.