मदत हवी आहे: इंग्लंडमधली खेड्यातली जुनी चर्च, किल्ली कोणाकडे?

खडूफळा:
रविवारी खेड्यातली दोन जुनी पॅरिश चर्च (गावाची स्थानिक चर्च) बघायची आहेत. फोन करून थकलो, कोणी उचलत नाही. कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे मागायची? लवकर सांगा, तिकिटं काढायची आहेत.

लाटकर:
कोणती चर्च? कुठून निघणार? गाडी आहे का?

सोनचाफा:
वेस्टमिन्स्टर ॲबेचं तिकीट आधीच ऑनलाइन काढून ठेवा. रविवारी मात्र पर्यटकांना आत सोडत नाहीत, फक्त प्रार्थनेला जाता येतं.

खडूफळा:
ॲबे नकोय हो. सफकमधलं लाँग मेलफर्ड आणि लॅव्हनम. लंडनहून ट्रेनने.

डोंगरवाट:
सफक सोडा, ग्लॉस्टरशरमधल्या फेअरफर्डला जा. मध्ययुगीन रंगीत काचांच्या २८ खिडक्या, अख्खा संच जागेवर. असं दुसरं पॅरिश चर्च इंग्लंडमध्ये नाही. दुसऱ्या महायुद्धात त्या काचा उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या.

लाटकर:
ते ट्रेनने जाणार म्हणतायत आणि फेअरफर्डचं स्टेशन १९६२ मध्येच बंद झालं! शिवाय काचा मेलफर्डलाही आहेत, १५व्या शतकातल्या, देणगीदारांच्या चित्रांसकट. बाहेरच्या भिंतीवर चकमकीच्या दगडात 'यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा' म्हणून त्यांची नावं बसवली आहेत, तीही वाचा. सगळा लोकरीच्या व्यापारातला पैसा.

डोंगरवाट:
काही खिडक्या आणि अख्खा संच यांत फरक आहे. बस करून का होईना, फेअरफर्डच बघा.

मीनाक्षी_इप्सविच:
मूळ प्रश्नाकडे वळूया का? ही दोन्ही चर्च मोठी आहेत, दिवसा सहसा उघडी असतात, किल्लीची गरज पडू नये. लहान चर्चला कुलूप दिसलं तर पोर्चमधला फलक वाचा, किल्ली ठेवणाऱ्याचं नाव आणि फोन बहुधा तिथेच असतो. नसेल तर चर्चवॉर्डनला, म्हणजे चर्चची देखभाल बघणाऱ्या स्थानिक पदाधिकाऱ्याला विचारा. पण रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा फिरून बघता येत नाही. खेड्यातल्या बसचेही रविवारी हाल असतात. शनिवारी जमेल का? मार्क्स टे स्टेशनला ट्रेन बदलून सडबरी, पुढे बस.

घंटानाद:
रविवारच जाऊ दे त्यांना! प्रार्थनेआधी घंटा वाजतात. लॅव्हनमची सगळ्यात मोठी घंटा १६२५ ची, माइल्स ग्रेने ओतलेली. तिचा नाद एकदा ऐकायलाच हवा.

खडूफळा:
आई सोबत आहे, तिला फार चालवत नाही. स्वच्छतागृह असतं का आत?

मीनाक्षी_इप्सविच:
अहो, हे आधी सांगायचं ना! खेड्यातल्या बऱ्याच चर्चमध्ये नसतं, त्याच्या भरवशावर राहू नका. दोन्ही गावांत चहाची दुकानं आहेत, काकूंना आधी तिथे बसवा. एका दिवसात एकच चर्च निवांत बघा.

खडूफळा:
बरं, शनिवारी फक्त लॅव्हनम. सडबरीहून परतीची शेवटची बस किती वाजता?

लाटकर:
सडबरीहून की लॅव्हनमहून?

डोंगरवाट:
पुढच्या वेळी गाडी भाड्याने घ्या आणि हेरेफर्डशरमधलं किलपेकचं चर्च बघा. सुमारे ११४० चं आहे. छताखालच्या दगडी तोंडांमध्ये ससा आणि कुत्रा शेजारी शेजारी कोरलेत.