रोजच्या साधनेतली कृतज्ञता आणि करुणा : तुमचे अनुभव सांगा

पालीत, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेत, कृतज्ञतेसाठी दोन शब्द जोडीने येतात, कतञ्ञुता आणि कतवेदिता. पहिला म्हणजे आपल्यासाठी कुणी काय केलं ते जाणणं, दुसरा म्हणजे ते जाणलंय हे बोलण्यावागण्यातून कळू देणं. जगात दोन माणसं दुर्मिळ, असं अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात बुद्ध सांगतात : आपणहून आधी उपकार करणारा, आणि केलेले उपकार जाणून तसं वागणारा. मला जाणणं जमतं, कळू देताना जीभ अडखळते. तुमचं कसं आहे? सूत्रांची चर्चा नको, घरात-कामावर घडलेलं लिहा.

*

मी पहाटे साधनेला बसते तेव्हा बाळाला सासूबाई घेतात. वर्षभर मी उठताना सगळ्या प्राणिमात्रांना मैत्री देत होते, म्हणजे त्यांचं भलं होवो असं मनात म्हणत होते, आणि पलीकडच्या खोलीत माझ्यासाठी जागणाऱ्या बाईला एकदाही काही बोलले नव्हते. परवा म्हटलं, "आई, तुमच्यामुळे बसता येतं मला." त्या काहीच बोलल्या नाहीत, बाळाच्या झबल्याची नाडी सोडून पुन्हा बांधत राहिल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, "डोळे मिटून नेमकं काय करतेस गं तू?"

*

बाबा चौदा महिने अंथरुणाला खिळून होते. चादर बदलायची म्हणजे त्यांना कुशीवर वळवायचं, मळलेली चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, तिच्यामागोमाग धुतलेली पसरायची, मग दुसऱ्या कुशीवर. एका रात्री तिसऱ्यांदा हे करताना मी त्यांच्यावर ओरडलो. ते भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहिले.

महावग्ग या भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली एक गोष्ट मला तोंडपाठ होती. अतिसाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला भिक्खू, त्याच्याकडे कुणी बघत नाही. बुद्ध पाणी ओततात, त्यांचा शिष्य आनंद धुतो, मग एक डोक्याकडून आणि एक पायांकडून धरून त्याला उचलून मंचकावर ठेवतात. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं, तिथे दोघं होते. मदत मागणं म्हणजे आपली करुणा कमी पडली, असं मी धरून चाललो होतो. सकाळी बहिणीला फोन केला, आठवड्यातल्या तीन रात्री तू ये म्हटलं. बाबांची माफी मागितली. "झोप झाली का तुझी?" एवढंच त्यांनी विचारलं.

*

दादा, तुमचं वाचून लिहिते. मी वॉर्डात नर्स आहे. विसुद्धिमग्ग या साधनेवरच्या जुन्या पाली ग्रंथात बुद्धघोषांनी क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू आणि शोक हा जवळचा शत्रू सांगितलाय. जवळचा, कारण तो करुणेसारखाच दिसतो. सुरुवातीची काही वर्षं मी पेशंटबरोबर रडायचे आणि त्यालाच करुणा समजायचे. पण भरल्या डोळ्यांनी सलाईनचे थेंब मोजता येत नाहीत. आता आधी दोन श्वास बघते, मग हात लावते.

*

मैत्रीभावनेत आधी स्वतः, मग प्रिय व्यक्ती, मग तटस्थ (ना प्रिय, ना नावडती), शेवटी वैरी असा क्रम असतो. तटस्थ म्हणून मी ऑफिसात सफाई करणाऱ्या मावशी धरल्या. बसलो तर त्यांचा चेहराच येईना, फक्त झाडू दिसायचा. दुसऱ्या दिवशी मुद्दाम थांबून नाव विचारलं. मावशींनी सांगितलं आणि लगेच माझंही विचारलं. आता त्यांना तटस्थ म्हणता येत नाही, त्या जागी दुसरं कुणी शोधतोय. वैऱ्यापर्यंत अजून पोचलेलो नाही.