आधी काळ नकोत, आधी त्यांचं काम

ताई, मोठ्या वयाच्या विद्यार्थिनीला इंग्रजी कसं शिकवावं असं तुम्ही विचारलंय, आणि त्यावर वर एकांनी सुचवलंय की मोठ्या माणसाला इंग्रजी शिकवताना आधी व्याकरणातले सगळे काळ पाठ करून घ्यावेत. मला हे अजिबात पटत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याकडच्या एका केळी व्यापारी काकांना मी शिकवतो. त्यांचा माल आखातात जातो. त्यांना हवंय ते फोनवरचं इंग्रजी: पेट्या किती, कंटेनर कधी निघाला, आत तापमान किती. केळी साधारण १३-१४ अंशांवर पाठवतात, फार खाली गेलं की साल काळवंडते. तेव्हा ‘थर्टीन’ की ‘थर्टी’ हा तिथे पैशांचा प्रश्न असतो. पहिल्यात जोर शेवटी, दुसऱ्यात सुरुवातीला. मराठीत जोर बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून कान तयार व्हायला वेळ लागतो. मी आकडे बोलतो, ते नुसते लिहून घेतात. बोलायची घाई करायची नाही.

वाक्यरचना त्यांच्याच व्हॉट्सअ‍ॅप संदेशांवरून घ्या. आपलं क्रियापद शेवटी, इंग्रजीत कर्त्यामागोमाग. चार संदेश फिरवून लिहिले की हाताला कळतं.

आणि कळकळीने सांगतो, घरी अहिराणी असो की लेवा गणबोली, शंका त्याच बोलीत विचारू द्या. ‘शुद्ध बोल’ हे ऐकून शाळेतच गप्प झालेली कितीतरी माणसं आपल्याकडे आहेत.

ताई, तुमच्या विद्यार्थिनीला इंग्रजी नेमकं कुठे लागतं? दवाखान्यात, बँकेत, की मुलांच्या शाळेत? ते कळलं तर सुरुवातीचे धडे सुचवतो.