मदत हवी आहे: वैद्यबाईच्या पात्रात वारूळ कुठे बसवू?

मंडळी, कल्पित जगातल्या माझ्या चित्रकथेतली वैद्यबाई नव्याने रेखाटते आहे. जुनं रूप म्हणजे पांढरा झगा, हातात काठी, भोवती हिरवा उजेड. असल्या बाया पैशाला पासरी.

नवी कल्पना आपल्या गोव्यातल्या कावी चित्रांवरून सुचली. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर देतात. तो कोरला की खालचा चुना रेषा होऊन दिसतो. ही बाई दुसऱ्याची जखम भरते तेव्हा तिच्या तांबूस अंगावर अशीच एक पांढरी रेघ उमटते. हे जमलंय, आणि रंगही दोनच ठेवायचेत.

अडलंय आकृतीपाशी. गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजतात, म्हणून वारुळाच्या सुळक्यांसारखी घोंगडी डोक्यावरून पांघरून पाहिली. लहान आकारात चक्क चेटकीण दिसते. खांद्यावर उतरवली तर नुसता धोंडा. नाग दिला की शांतादुर्गा आठवते. मला देवी दाखवायची नाही. लाल क्रॉस कृपया सुचवू नका. जिनिव्हा करारांनी ते चिन्ह राखीव आहे, भारतात त्यासाठी १९६० चा कायदाही आहे. पानं-मुळ्या तिच्या शिष्याकडे आहेत, त्या हलवता येत नाहीत.

चित्र अंगठ्याच्या नखाएवढं छापलं तरी ही बरं करणारी आहे हे कळायला हवं. वारूळ बाह्यरेषेत ठेवायचं तर हातांची ठेवण कशी असावी? की ते फक्त पदरावरच्या नक्षीत नेऊ?